टटल नावाचा दिग्दर्शक आणि फ्रीजरमधलं रीळ

बेलव्ह्यू, ३ मार्च २०२५

चि. राजस,

आशीर्वाद शेवटी, काम आधी.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. ईमेलला तू 'ओके मावशी' एवढंच उत्तर देतोस आणि फोन केला की तुझे काका स्पीकरवर येऊन मध्येच क्रिकेटचा स्कोअर सांगतात. 'ओके मावशी' कागदावर लिहून, पाकिटात घालून, वर तिकीट चिकटवून पाठवायची तुला लाज वाटेल, म्हणून हा मार्ग.

लायब्ररीतून रिटायर झाल्यापासून मी क्लॅरेन्स टटल या गृहस्थाचं चरित्र लिहितेय, हे तुझ्या आईने हसत हसत सांगितलं असेलच. अकरा वर्षं झाली. मराठीतून लिहितेय, कारण इंग्रजीतून लिहिलं तर इथले लोक वाचतील आणि चुका काढतील.

टटल म्हणजे अमेरिकन सिनेमा रांगत होता तेव्हाचा दिग्दर्शक. जन्म १८८१, ओहायो. वडील पाद्री. चिरंजीव घोडागाडीतून गावोगाव हिंडत, भर चौकात लोकांचे दात उपटत आणि वर दंतमंजन विकत. १९०९ साली न्यू जर्सीत एका मैदानावर शूटिंग चाललं होतं आणि दिग्दर्शकाचा घसा बसला होता. बघ्यांमधून टटलने एक आरोळी ठोकली आणि घोड्यांसकट सगळे जागच्या जागी उभे राहिले. पेशंटच्या किंकाळीवर आवाज चढवायची सवय होती ना! कंपनीने त्याला संध्याकाळपर्यंत दिग्दर्शक करून टाकलं. मूकपटांच्या धंद्यात आवाज लागायचा तो एकट्या दिग्दर्शकालाच.

पुढच्या सात वर्षांत या माणसाने एकशे बारा सिनेमे काढले. प्रत्येक बारा मिनिटांचा, तीन दिवसांत संपवलेला. माझ्या माहितीत त्यांतला एकही उरलेला नाही. १९१६ मध्ये त्याने बायबलमधल्या नोहावर, म्हणजे प्रलयात प्राण्यांच्या जोड्या तारवात घालून वाचवणाऱ्या म्हाताऱ्यावर, मोठा चित्रपट काढला, कंपनीने त्याची वाट लावली आणि हा मानी माणूस पाठ फिरवून निघून गेला. त्या प्रकरणाला मी 'उपेक्षित प्रतिभावंत' असं नाव दिलंय.

आता बातमी. एका जुन्या वर्तमानपत्रात सापडलं की तो १९५८ साली टेक्सासमधल्या पेल्टन गावी वारला. नकाशा काढला तर तुझ्या अर्विंगपासून दोन तास! एखाद्या शनिवारी जा आणि थडग्याचा फोटो काढून आण. फोटोत तू नको.

आता आशीर्वाद.
सुलभामावशी


अर्विंग, १६ मार्च २०२५

मावशी,

नमस्कार. हे 'ओके मावशी' नाही, याची नोंद घ्यावी.

मंगळवारी पेल्टनला जाऊन आलो. दोन तास ड्राइव्ह केलं, त्यात दीड तास दोन्ही बाजूंना फक्त गायी. त्या गाडीकडे अशा बघत होत्या की मीच त्यांच्या इलाक्यात फुकट फिरतोय.

थडगं सापडलं. फोटो सोबत आहे, कोपऱ्यातली सावली माझी आहे, सॉरी. पण दगडावर दिग्दर्शक किंवा सिनेमा असं काहीच नाही. लिहिलंय, 'क्लॅरेन्स टटल, पेल्टनचा आवाज.' म्हणजे काय, ते कळेना. तिथे गवत कापणारा एक माणूस होता. तो म्हणाला, टटलच्या नातीला विचार, दोन गल्ल्या सोडून पांढरं घर आहे.

गेलो. डॉटी हॅरिस, वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, पायात काउबॉय बूट. मला वरून खाली आणि परत वर बघितलं. मी अगदी नीट सांगितलं, "मॅम, मी मिस्टर टटलच्या सिनेमांबद्दल विचारायला आलोय." यार, तिचा चेहरा एकदम उतरलाच.

"त्यांचं इथे काही नाही," असं म्हणून ती दार लावायला लागली. आणि दार लागता लागता म्हणाली, "आणि जे आहे, ते मी तुला तरी दाखवणार नाही."

मग कडी लावल्याचा आवाज.

तुझं काम झालं. माझा अपमान कुरिअरने परत पाठव.

राजस


बेलव्ह्यू, २२ मार्च २०२५

राजसा,

'जे आहे ते'! अरे बाबा, 'जे आहे ते' म्हणाली ना ती? म्हणजे काहीतरी आहे! मी ते वाक्य तीनदा वाचलं, मग संजयला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "जुनी चप्पल असेल." तुझ्या काकांनी अकरा वर्षांत टटलविषयी काढलेला हा सर्वांत उत्साही उद्गार.

दार का लावलं, ते मला विचार. मी शेहेचाळीस वर्षं या देशात राहतेय, मला दारं वाचता येतात. बाईने तुझा रंग पाहिला. तू वाईट वाटून घेऊ नकोस, फक्त परत जा. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि दारात उभा राहून आधी हवेबद्दल बोल. या देशात हवेबद्दल बोलल्याशिवाय कुणी कुणाला काही देत नाही.

सिनेमाचं रीळ असेल तर ते आपल्याला हवंय. टटलची थोरवी सिद्ध करायला एक रीळ पुरे. आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम बघणाऱ्या शोभनाला मी सांगूनही टाकलंय. १७ मेचा हॉल मिळाला आहे. 'हरवलेल्या चित्रपटाचं जगात प्रथमच दर्शन.' तुझ्यावर दबाव वगैरे अजिबात नाही.

आणि मंगळवारी कसा गेलास? ऑफिस नव्हतं?

मावशी


अर्विंग, ६ एप्रिल २०२५

मावशी,

हॉल बुक केलास? अजून माझ्या हातात चप्पलसुद्धा नाही!

बरं, ऐक. चारदा गेलो. ऑफिसचं काय, सध्या फ्लेक्सिबल आहे. पहिल्यांदा हवेबद्दल बोललो, ती म्हणाली, "मला खिडकी आहे," आणि दार लावलं. दुसऱ्यांदा गेलो तर तिची पत्रपेटी कुणाच्या तरी ट्रकने आडवी केली होती. मी न विचारता खड्डा खणून ती उभी केली. तिने पडद्याआडून सगळं बघितलं, बाहेर येऊन म्हणाली, "वाकडी आहे." मी सरळ केली. मग तिने पीकन पाय नावाचा अक्रोडाच्या चवीचा गोड पदार्थ खायला घातला आणि दोन तास बोलली.

तुझ्या प्रतिभावंताबद्दल काही गोष्टी. जरा बसून वाच.

नोहाचा सिनेमा कंपनीने नाही, त्यानेच बुडवला. तारू बांधलं पण माप घेतलंच नाही. ते पाण्यात सोडलं आणि तासाभरात तळाला गेलं. दोन हत्ती सांगितले होते, आला एकच. मग त्यालाच दोनदा चढवला. दुसऱ्यांदा हत्तीने फळीवर बसून घेतलं आणि तो उठेना. उंट सुटले ते थेट गावातल्या चर्चमध्ये, आणि तिथे लग्न चालू होतं. कंपनी बंद झाली. टटल मानाने वगैरे निघून गेला नाही. त्याला पुन्हा कुणी बोलावलंच नाही.

मग तो पेल्टनला येऊन शाळेची बस चालवायला लागला. शाळेच्या एका मॅचला कॉमेंटरी करायला कुणी नव्हतं म्हणून त्याने कर्ण्यातून केली, आणि पुढची तीस वर्षं तोच करत राहिला. लोक फुटबॉल बघायला नाही, त्याला ऐकायला यायचे म्हणे. डॉटी सांगते, आजोबा फार सुखी माणूस होता, घरात पण ओरडूनच मीठ मागायचा.

गेल्या आठवड्यात तिने मला गॅरेजमधल्या डीप फ्रीजरमधून आइस्क्रीम आणायला सांगितलं. हरणाच्या मांसाच्या पुड्यांखाली एक गोल पत्र्याचा डबा. वर खरडलेलं, 'सी. टी. १९१४.' मी डबा बघितला. मागे वळलो तर ती दारात उभी.

"आईला कुणीतरी सांगितलं होतं की हे थंड ठेवावं लागतं," ती म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं तिथेच आहे."

मग म्हणाली, "घेऊन जा. पण तू ते बघशील तेव्हा मी समोर नसेन."

मला काही कळलं नाही. विद्यापीठाच्या फिल्म आर्काइव्हला फोन लावला, तर तिकडून चक्क मराठी. प्रीता, नागपूरची, तिथे पीएचडी करते. मी सांगितलं, डबा मांडीवर घेऊन कारमध्ये बसलोय. ती किंचाळलीच, "मांडीवर? अरे, ती जुनी नायट्रेट फिल्म आहे, गरम झाली तर पेटते! जिथून काढला तिथे ठेव आणि लांब उभा राहा!" मी पुन्हा हरणाखाली ठेवला. दोन दिवसांनी ती स्पेशल पेटी घेऊन आली आणि घेऊन गेली. आता स्कॅन होईल.

राजस


बेलव्ह्यू, १२ एप्रिल २०२५

राजस,

डबा सापडला! मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. माझ्या वयात अर्धीच होते.

तारवाच्या मापाबद्दल मी लगेच विश्वास ठेवणार नाही. डॉटीबाई जन्मल्या १९४१ साली, तारू बुडालं १९१६ साली. घरोघरी कर्तबगार माणसांच्या अशा गोष्टी नातवंडांपर्यंत पोचता पोचता वितळतात. आणि कलावंत माणूस माप घेत नसेलही. संजयचं म्हणणं, "जहाज बांधताना घ्यावं."

पत्रक छापून झालं आहे, सोबत जोडलंय. टटलचा फोटो मिळाला नाही म्हणून कर्ण्याचं चित्र घातलं.

आता दुसरं. कामाच्या दिवशी तू वारंवार गावाबाहेर जातोस, पत्रात ऑफिसचा विषय टाळतोस आणि नागपूरच्या एका मुलीने तुझ्यावर आरडाओरडा केल्याचं सहा ओळींत आनंदाने लिहितोस. मी काही आंधळी नाही. तिला माझा नमस्कार सांग. तुझ्या आईला मी अजून काही बोललेली नाही. फक्त सूचित केलंय.

मावशी


अर्विंग, २७ एप्रिल २०२५

मावशी,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आधी एक क्लिअर करतो, प्रीताचं लग्न ठरलंय आणि मुलगा पण तिच्याच लॅबमध्ये आहे. आईचा काल चाळीस मिनिटांचा फोन झाला. थँक्स.

कामाच्या दिवशी जात होतो, कारण ऑफिस नव्हतंच. २८ फेब्रुवारीला आमची अख्खी टीम काढली. या व्हिसावर साठ दिवसांत नवी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. पहिले दहा दिवस मी दार लावून नुसते अर्ज टाकत होतो. तुझं पत्र आलं नसतं तर घराबाहेर पडलोच नसतो, हे खरं आहे. आई-बाबांना सांगितलं नाही, तू पण सांगू नकोस. आता ठीक आहे. हॉस्पिटलांची अपॉइंटमेंट सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीने ऑफर दिली आणि गेल्या गुरुवारी माझ्या व्हिसासाठी त्यांचा अर्ज दाखल झाला. काम बोअर आहे. मला चालेल.

आता रीळ. शुक्रवारी प्रीताच्या लॅबमध्ये बघितलं. सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा भाग सडून गेलाय, मधली नऊ मिनिटं चांगली आहेत. टटलचाच सिनेमा आहे, मध्ये येणाऱ्या अक्षरांच्या पाट्यांवर त्याचं नाव आहे.

सिनेमाचं नाव आहे 'द हिंदू डेंटिस्ट'.

एक गोरा नट आहे, तोंडाला बूटपॉलिश फासलेला. डोक्याला आंघोळीचा टॉवेल. मांडी घालून बसलाय आणि पुंगी वाजवतोय. समोर दात दुखणारा पेशंट. पुंगीच्या तालावर पेशंटचा दात टोपलीतल्या सापासारखा डोलत डोलत बाहेर येतो. मग डेंटिस्ट त्या दातालाच नमस्कार करतो, पेशंटच्या पाया पडतो, आणि शेवटी सगळे मिळून त्याला पाण्याच्या हौदात टाकतात. काळा रंग उतरतो आणि तो पळून जातो.

मावशी, दात डोलला तेव्हा मी हसलो. पटकन आलं हसू. मग बाजूला प्रीता बसलीय हे लक्षात आलं. ती हसत नव्हती. तिने विचारलं, "परत लावू?" मी नको म्हटलं.

मी सरळ पेल्टनला गेलो. डॉटी व्हरांड्यात बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंस."

मी म्हटलं, "हो, मॅम."

"मी पाचवीत असताना आजोबांनी शाळेत दाखवला होता. आम्ही लोळलो होतो हसून. मग मोठी झाल्यावर पुन्हा बघितला." ती काठीने जमीन टोकरत होती. "तू दारात आलास ना, तेव्हा मला वाटलं, देवाने जाब विचारायला माणूस पाठवला. आणि तो इतका नम्र बोलायला लागला! मला तुझ्या तोंडाकडे बघवेना."

म्हणजे तिने माझा रंग बघूनच दार लावलं होतं, तुझं बरोबर होतं. कारण तेवढं उलटं निघालं.

मला काय वाटतंय, ते मलाच कळत नाहीये. तू प्रोग्रॅम कॅन्सल कर. लिंक पाठवतोय, पण बघायलाच हवं असं नाही.

राजस


बेलव्ह्यू, ४ मे २०२५

राजस,

नोकरी गेल्याचं लपवलंस याबद्दल तुझा कान धरायचा आहे. तो भेटल्यावर धरीन. आईला सांगितलेलं नाही. तुझ्या खोलीचं दार आतून बंद होतं आणि मी इकडे तुला थडग्याचे फोटो काढायला पिटाळत होते, हे वाचून मात्र पेन खाली ठेवावं लागलं.

मी बघितलं. नऊच्या नऊ मिनिटं, एकटीने.

१९८० साली लायब्ररीत माझा पहिला आठवडा होता. एका गृहस्थाने काउंटरवर वाकून विचारलं, "तुमच्या घरी साप पाळतात का?" मी हसले. नवीन होते, नोकरी हवी होती, म्हणून हसले. तो खूश होऊन गेला. पंचेचाळीस वर्षांत मी ही गोष्ट संजयलाही सांगितली नव्हती. परवा सांगितली.

अकरा वर्षं मी ज्याच्यासाठी मायक्रोफिल्मवर डोळे फोडले, तो माझ्या जन्माच्या चाळीस वर्षं आधी माझ्यावरच विनोद करून बसला होता, आणि विनोदही कसला, तर टॉवेलचा! निदान बरा तरी करायचा होता, मेल्या. पहिल्या दिवशी मी हस्तलिखित उचलून गॅरेजमधल्या कचऱ्याच्या डब्यावर ठेवलं. आत टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी शोभनाचा फोन आला. मी पाठवलेली लिंक तिने बघितली होती. म्हणाली, "अगं, त्याऐवजी अंताक्षरी ठेवू, पटकन होईल."

मी हो म्हणणार होते. संजय वर्तमानपत्रातून मान वर काढून म्हणाला, "अकरा वर्षं तू त्याचं कौतुक लोकांना ऐकवलंस. आता तो समोर यायला निघाला तर त्याला दाराशीच का थांबवतेस? येऊ दे. बघू दे लोकांना."

मला हे पटलंय, आणि तो बरोबर आहे याचा राग आहे. कार्यक्रम होणार. पण रीळ डॉटीबाईंचं आहे आणि लाजही त्यांची आहे. त्यांना विचार. त्या नाही म्हणाल्या तर अंताक्षरी.

मावशी


पेल्टन, ९ मे २०२५

मावशी,

घाईत लिहितोय. डॉटी बुधवारी व्हरांड्याच्या पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता इथल्या नर्सिंग होममध्ये आहे. तिच्या मुलीला फ्लोरिडाहून यायला वेळ लागतोय, माझी नवी नोकरी सोमवारी सुरू होतेय, म्हणून तोवर मी इथे.

तुझं पत्र मी तिला इंग्लिशमध्ये वाचून दाखवलं. सापाचा किस्सा पण. ती म्हणाली, "तुझ्या मावशीला सांग, दाखव. फक्त आजोबा वाईट माणूस होता असं म्हणू नकोस. आणि चांगला होता असंही नको. मला अजून ठरवता आलेलं नाही."

राजस


बेलव्ह्यू, १८ मे २०२५

राजस,

काल काय झालं ते ऐक. मी अजून बसलेली नाही, ओट्यापाशी उभीच लिहितेय.

हॉल भरला होता. निम्मे लोक टटलसाठी आले होते, निम्मे बटाटेवड्यांसाठी. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दात उपटणं, आरोळी, एकशे बारा सिनेमे, बुडालेलं तारू. डॉटीबाई म्हणतात त्याप्रमाणे तारवाचं माप त्यानेच घेतलं नव्हतं, हेसुद्धा सांगितलं. मग म्हटलं, "मी याला प्रतिभावंत समजत होते. आता तुम्हीच बघा."

सिनेमा सुरू झाला. पॉलिशवाला आला आणि हॉल एकदम गार. पहिल्या रांगेतून एका मुलीचा आवाज, "Is that shoe polish?" दात डोलला. मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि खोकल्याचं नाटक केलं. मला वाटलं, चुकलंच आपलं. अंताक्षरी बरी होती.

आणि संजय उठून उभा राहिला. तुझे काका! ज्यांनी मंडळाच्या कार्यक्रमात आजवर फक्त झोप काढली आहे.

"थांबवा," तो म्हणाला. "मागे घ्या जरा. आणि मधल्या त्या माकडाकडे बघू नका. डावीकडे बघा, पिंपाजवळ."

मागे घेतलं.

राजस, तिथे एक माणूस आहे. तोवर टटलची कंपनी कॅलिफोर्नियाला गेली होती, तिथलं शूटिंग, त्यामुळे शेतावर कामाला आलेला पंजाबी असणार. बाह्या दुमडलेल्या, हातात खेचराचा दोर, आणि डोक्याला फेटा. खरा, नीट चापून बांधलेला. खेचर धरायलाच उभा केलाय. पॉलिशवाल्याचा टॉवेल सुटतो आणि तो घाईघाईने डोक्याला गुंडाळतो, न्हाऊन आलेल्या बाईसारखा. तिथे हा माणूस बघतो. ओठ घट्ट मिटतो. खेचराकडे बघतो. परत टॉवेलकडे बघतो. आणि मग त्याला आवरतच नाही! तो पाठ करतो, खांदे गदगदा हलतायत, आणि फेट्याच्या शेवाने डोळे पुसतो. खेचरसुद्धा त्याच्याकडे वळून बघतं.

अख्खा हॉल हसून फुटला. पाच वेळा मागे घेऊन बघितलं. शोभना हसता हसता खुर्चीवरून घसरली. ती पहिल्या रांगेतली मुलगी ओरडत होती, "Again! Do the mule guy again!" मी हसले, पण नोकरीसाठी नाही. डोळे पुसायला माझ्याकडे पदर नव्हता, संजयने त्याचा रुमाल दिला. तो फार दिवसांत धुतलेला नव्हता.

तू हे लॅबमध्ये बसून बघितलंस, प्रीताने फ्रेम न् फ्रेम तपासली, मी नऊ मिनिटं डोळे ताणून बघितलं. सगळ्यांनी पॉलिशकडेच बघितलं. संजय म्हणतो, त्याला मधलं बघायचा कंटाळा आला होता.

पुस्तक मी लिहिणार. 'उपेक्षित प्रतिभावंत' खोडलं. टटल सुमार होता, गडबड्या होता, बारा मिनिटांत जेवढा अन्याय मावतो तेवढा करून मोकळा झाला, आणि तीस वर्षं एका गावाला त्याने खूश ठेवलं. अशा माणसाचंही चरित्र लिहावं, फक्त पाया पडत लिहू नये.

आता मला त्या दुसऱ्या माणसाचं नाव हवंय. डॉटीबाईंना विचार. आणि त्यांचा पाय कसा आहे?

मावशी


अर्विंग, ३० मे २०२५

मावशी,

डॉटी वॉकर घेऊन चालायला लागलीय आणि नर्सिंग होमच्या कॉफीबद्दल तक्रार करतेय, म्हणजे बरी आहे. तिची मुलगी आलीय. माझी नोकरी चालू आहे, बोअर आहे, मस्त आहे. आईला मीच सांगितलं सगळं. ती आधी रडली, मग तुझ्यावर चिडली, का ते विचारू नकोस.

रविवारी लॅपटॉप घेऊन पेल्टनला गेलो. डॉटी बघायला तयार नव्हती. मी म्हटलं, फक्त डावीकडे बघा, मध्ये मी हात धरतो. खरंच स्क्रीनवर हात धरून बसलो.

तिने बघितलं. एकदा, दोनदा. मग माझा हात बाजूला सारून पूर्ण बघितलं. आणि एकदम म्हणाली, "हाच तो!"

टटल म्हातारपणी ही गोष्ट सारखी सांगायचा म्हणे. एका सिनेमात खेचर धरायला ठेवलेला माणूस शॉट चालू असताना हसला. टटल कर्ण्यातून त्याच्यावर खच्चून ओरडला. तो आणखी हसला. परत घ्यायला फिल्म उरली नव्हती, म्हणून तसंच ठेवलं. डॉटीला वाटायचं, आजोबा थापा मारतात, कारण तिने सिनेमात तो माणूस कधी बघितलाच नव्हता.

"आजोबा म्हणायचे," ती म्हणाली, "एकशे बारा सिनेमे केले, पेपरवाल्यांनी सगळ्यांना चांगलंच म्हटलं, कारण जाहिराती आमच्याच असायच्या. खरं परीक्षण एकच मिळालं, ते त्या माणसाचं."

मग ती हसायला लागली. खुबा दुखतो म्हणून ओरडत पण होती आणि हसत पण होती. नर्स धावत आली. डॉटीने तिलाही बसवून दाखवलं.

मी नाव विचारलं. तिने खूप आठवून बघितलं.

"जो," ती म्हणाली. "आजोबा त्याला जो म्हणायचे. खरं नाव त्यांच्या जिभेला वळत नव्हतं."

म्हणजे मावशी, एवढं नक्की झालं की त्याचं नाव जो नव्हतं. आता बाकीची नावं तपासायची आहेत. मी शनिवार मोकळा ठेवलाय.

राजस